बॅटरी काहून बसली

माझ्या दोन्ही लेकरांनो,

गेल्या आठवड्यात आपल्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. थोरल्या, तो तू पाठवला होतास. तुझ्या नव्या गाडीचा, म्हणजे तुझ्यासाठी नव्या, एरवी वयाने तुझ्याहून थोडीच लहान असलेल्या गाडीचा. स्टिअरिंगच्या मागे बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागलेला दिसत होता. तुमच्या वडिलांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, "बॅटरी बदलून टाक." त्याखाली धाकटे, तू विचारलंस, "पण बॅटरी का गेली?" तुला कोणीच उत्तर दिलं नाही.

ते उत्तर माझ्याकडे आहे. चार ओळींत देता आलं असतं, पण त्या चार ओळी कळायला मला तीन महिने लागले आणि तेवढ्यात गाडी हातची जाता जाता राहिली. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. वाचून होईपर्यंत बॅटरी बदलू नकोस.

माझी पांढरी गाडी तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्ही दोघांनी मागच्या सीटवर बसून सीताफळं खाल्ली होती आणि पुढे महिनाभर मला सीटच्या फटीत बिया सापडत होत्या. ती गाडी मी मुख्यतः गुरुवारसाठी चालवते. माझी ताई, तुमच्या वडिलांची मोठी मावशी, आखाडा बाळापूरला असते. तिला आता अक्षरं दिसत नाहीत. दर गुरुवारी सकाळी मी निघते, नरसी, हिंगोली, कळमनुरी करत तिच्याकडे पोचते आणि तिला वाचून दाखवते. ती नेहमी कुठल्यातरी पुस्तकाच्या मध्यावर असते आणि पुढचं पान माझ्याकडे असतं.

बसने जायचं तर दोनदा उतरून चढावं लागतं, आणि माझ्या गुडघ्यांना एसटीची पहिली पायरी मान्य नाही. भाड्याची जीप सांगता येते. सांगून पाहिलीही आहे. पण मग जीपवाला दारात हॉर्न वाजवतो, आणि ताई प्रकरण अर्धं असताना म्हणते, "जा बाई तू, त्याची खोटी होते." तिला ते पान पुरं ऐकायचं असतं हे मला तिच्या बोटांवरून कळतं. म्हणून गाडी.

गौरी-गणपतीच्या सुमारास गाडीने पहिल्यांदा तकलीफ दिली. बाळापूरहून आले, गाडी बंद केली, संध्याकाळी अंगणातून शेडमध्ये घ्यायला गेले तर चावी फिरवल्यावर नुसतं टकटक. आमच्या वाडीवस्तीत अशा वेळी एकच वाक्य असतं, आणि ते तीन जणांनी तीन दिशांनी म्हटलं: "बॅटरी बसली." बॅटरी जुनीच होती. नवी आणली. गाडी सुरू झाली आणि सगळ्यांना आनंद झाला.

मी गाडीची एक वही ठेवते. त्यात हिशेब नाही, कुठल्या दिवशी गाडीला काय झालं एवढंच. तुमचे आजोबा तिला "पेशंटचा केसपेपर" म्हणायचे. त्या वहीत पुढच्या काही आठवड्यांत अशा नोंदी आहेत: "हिंगोलीहून परत. फॅन लावला होता. घरी आल्यावर सुरू होईना." "लाल दिवा मंद लागला, आपोआप गेला." "आज दिवा नाही. सगळं ठीक." दिव्यावर बॅटरीचं चित्र, म्हणून मी समजत होते की नवी बॅटरीच खराब निघाली.

दसऱ्याच्या आधी माझे धाकटे दीर, ज्यांना तुम्ही ट्रॅक्टरवाले आजोबा म्हणता, ते बघायला आले. त्यांनी उमर ट्रॅक्टर आणि जीपमध्ये घातली आहे. बॉनेट उघडून ते म्हणाले, "वहिनी, बॅटरी नवी हाय. मंग डायनामो बघावा लागंल. गाडी चालू करा."

मी केली. त्यांनी पाना घेतला आणि इंजिन चालू असतानाच बॅटरीची एक तार सोडवली.

"अहो, चालू गाडीत?"

"चालू गाडीतच बघायचं असतं. बॅटरी काढून बी गाडी चालू राहिली म्हंजे डायनामो बराबर. बंद पडली म्हंजे गेला. तुमी ग्रामर बघा, गाडी मी बघतो."

गाडी चालू राहिली. त्यांनी तार पुन्हा बसवली, हात पुसले आणि निकाल दिला, "डायनामो एक नंबर." मी वहीत तसंच लिहिलं.

त्यानंतर गाडी जास्त बिघडली. आता ती चालवल्यावर नाही, तर उभी असताना बसायला लागली. रात्री चांगली असायची, सकाळी चावी फिरवली की टकटक. दर गुरुवारी सकाळी घरची आणि शेजारची चार माणसं तिला ढकलायला उभी राहायची. शेजारची सून एकदा म्हणाली, "आजी, गुरुवारचा उपास तुमी करा, धक्का आमी देतो." मी हसले, पण दर गुरुवारी लोकांच्या खांद्यावर माझं वाचन अवलंबून राहावं हे मला आवडत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मी बाळापूरहून परत येत होते. ऊन कडक होतं, फॅन पूर्ण लावला होता. लाल दिवा हिंगोलीपासूनच लागला होता, या वेळी मंद नाही, ठळक. नरसीच्या अलीकडे इंडिकेटरची टिकटिक संथ झाली. एका जीपला हॉर्न दिला तर हॉर्नचा घसा बसलेला. मग इंजिनने दोन आचके दिले आणि गाडी नरसी फाट्याजवळ, नारळ-फुलांच्या दुकानांसमोर थांबली.

दिरांना फोन केला. ते शेतात होते, ट्रॅक्टर घेऊन यायला वेळ लागणार होता. फुलवाल्या बाईने मला सावलीत स्टूल दिलं. बसल्या बसल्या काय करायचं म्हणून मी गाडीच्या कप्प्यातून तिच्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि मी, जिने आयुष्यभर मुलांना "आधी सूचना वाचा" म्हणून सांगितलं, ते उघडलं नव्हतं.

फुलवाली बघत होती. म्हणाली, "आजी, गाडी बंद पडली म्हून पोथी वाचून राहिल्या व्हय?"

"गाडीचीच पोथी आहे."

"मंग आधी नारळ फोडा. वाचा, वाचा."

त्या पोथीत दिव्यांचं एक पान होतं. बॅटरीच्या चित्रापुढे असं लिहिलं होतं की हा दिवा चार्जिंगच्या व्यवस्थेचा आहे. इंजिन चालू असताना तो लागला तर बॅटरीला वीज मिळत नाही, फक्त तिच्यातली खर्च होते आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. चित्र बॅटरीचं होतं, पण दिवा बॅटरीचा नव्हताच. घरात पाणी नाही म्हणून आपण रिकाम्या माठाला नावं ठेवत होतो आणि नळाकडे कोणी बघितलं नव्हतं.

दिरांनी दोर बांधून गाडी घरी ओढत आणली आणि मी चहा ठेवायच्या आत तुमच्या वडिलांना फोन करून सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

"आई, आता बास. रस्त्यात बंद पडलीस म्हणजे हद्द झाली. रविवारी ओळखीतला एक जण गाडी बघायला येईल. देऊन टाक."

"आणि गुरुवार?"

"जीप सांगून जात जा ना."

"रविवारपर्यंत बिघाडाचं कारण सापडलं तर?"

तुमचे वडील माझेच चिरंजीव, अट घातल्याशिवाय हो म्हणत नाहीत. "कारण सापडलं आणि दुरुस्तही झालं, तर ठेव. पण पुन्हा नवी बॅटरी टाकून 'झालं' म्हणायचं नाही."

माझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार होते.

सेनगावात शेतपंपाच्या मोटारी भरणारा एक कारागीर आहे. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून तिथे नवी गुंडाळणं. जीपवालेही चार्जिंगच्या तक्रारी घेऊन त्याच्याकडेच जातात असं कळलं. शुक्रवारी सकाळी दिरांनी पुन्हा दोर बांधला. वाटेत दोनदा मागे वळून ते ओरडले, "नवी बॅटरी टाका वहिनी, झटक्यात काम होईल!" मी स्टिअरिंग धरून मान हलवत राहिले.

कारागीर पन्नाशीचा, नाकावर चष्मा, समोर तारांची भेंडोळी. त्याने विचारलं, "काय झालं?"

"बॅटरी बसली," दीर म्हणाले.

"काहून बसली?"

"काहून म्हंजे? बसली म्हून बसली. बॅटरीच ती."

"तसं न्हाई मालक. माणूस बसलं तरी आपन इचारतो, काहून बसला. थकला, का रुसला, का पाय मुरगळला. बॅटरी आपल्या मनानं न्हाई बसत. तिला कमी पडलं, न्हाईतर तिच्यातून कुठंतरी गळून राहिलं."

लेकरांनो, तुम्हाला हे सांगायला हवं. मी इंग्रजी शिकवायचे, पण वर्गात एखादं पोरगं "बाई, असं काहून?" म्हणालं की मी आधी त्याचं मराठी सुधारायचे. "काहून नाही, 'का' म्हणा." मग उत्तर द्यायचे. कधी कधी तास संपायचा आणि उत्तर राहून जायचं. तीन महिन्यांत त्या गाडीबद्दल "का" असं एकदाही कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. विचारलं ते या माणसाने, आणि "काहून" म्हणून.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण तो हसून म्हणाला, "बाई, मी न्हवतो तुमच्या वर्गात. माझी बहीण व्हती. तिनं काहून म्हनलं की तुमी तिला उभं करायच्या. मंग ती घरी येऊन मला उभं करायची."

मी म्हटलं, "आता मी उभी आहे. विचारा काय विचारायचं ते."

मी त्याला वही दिली. त्याने ती मोटारीच्या लोखंडी साच्यावर ठेवून बोट फिरवत वाचली. एका ठिकाणी थांबला. "ह्ये बघा. आधी गाडी पळाल्यावर बसायची. मंग उभ्या उभ्या बसाया लागली. ह्या दोन बिमाऱ्या हायेत, एक न्हाई. मधात काय झालं?"

मधल्या नोंदीत काय आहे ते मला आठवत होतं. दीर माझ्या शेजारीच उभे होते. मी ती मोठ्याने वाचली नाही, नुसतं बोट ठेवलं. "इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहिली. गाडी बंद पडली नाही. डायनामो उत्तम."

कारागिराने वाचलं, कोणाकडेही न बघता वही मिटली आणि म्हणाला, "खोलून बघू."

दोन पाने, एक पट्टा, तीन बोल्ट. इंजिनाच्या कडेचा नारळाएवढा एक जिन्नस बाहेर आला. सगळ्या बाजूंनी फटी असलेला, ॲल्युमिनियमचा. आमच्याकडे सगळे त्याला डायनामोच म्हणतात. त्याचं खरं नाव अल्टरनेटर.

"ही उलटी मोटार हाय बाई," तो खोलता खोलता म्हणाला. "पंपाची मोटार वीज खाती आन फिरती. ह्याला इंजिन पट्ट्यानं फिरवतं आन ह्यो वीज देतो. गाडी चालू झाली की दिवे, फॅन, हॉर्न सगळं ह्याच्यावर. बॅटरी फकस्त गाडी उठवायला. उठवली की ह्यानं बॅटरीची भरपाई करायची."

आत तांब्याच्या तारेची एक गुंडाळी बाहेरच्या कवचात घट्ट बसवलेली होती आणि दुसरी मधल्या दांड्यावर, फिरणारी. फिरणाऱ्या गुंडाळीला थोडी वीज दिली की ती चुंबक होते, आणि चुंबक फिरला की बाहेरच्या तारेत वीज तयार होते. हे मी शाळेत पाठ केलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं ते आत्ता, या वयात. मी त्याला विचारलं, फिरणाऱ्या दांड्याला वीज पोचते कशी? तार तर पिळून तुटेल.

तो खूश झाला. "बराबर इचारलं." त्याने दांड्यावरच्या दोन गुळगुळीत तांब्याच्या कड्या दाखवल्या आणि त्यांच्यावर टेकणारे दोन काळे तुकडे. त्यांना कार्बन म्हणतात. मागून स्प्रिंग त्यांना ढकलत राहते, ते कडीवर घासत राहतात आणि त्यातून वीज आत जाते. पेन्सिलीसारखे झिजतात. नवे असताना बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान, माझे मात्र नखाएवढे उरले होते. एक तर कधी टेकत होता, कधी नाही. टेकला की दिवा जायचा आणि सुटला की लागायचा. "आज दिवा नाही, सगळं ठीक" या माझ्या नोंदीचा एवढाच अर्थ होता.

मग त्याने फटींतून पिवळसर भुसा काढून कागदावर टाकला. "शेड मळणीच्या जागंपाशी हाय का तुमचं?"

आहे. दर वर्षी सोयाबीन निघालं की मळणीयंत्र शेडच्या बाजूला लागतं आणि गाडी शेडमध्ये असते. अल्टरनेटर गार राहण्यासाठी आतला पंखा बाहेरची हवा ओढतो, आणि त्या हवेबरोबर दर हंगामात भुसा आत जात होता. कार्बन लवकर झिजले ते त्यामुळे. म्हणजे पहिला बिघाड माझा होता. मी तो लगेच मोठ्याने कबूल केला, कारण दुसरा कोणाचा निघणार याचा मला अंदाज येत होता.

त्याने मागच्या बाजूची एक छोटी तबकडी काढली. तिच्यावर बटणांसारखे काही तुकडे होते. मीटरच्या दोन तारा लावून तो एकेक तपासत गेला. एकाशी थांबला. तारा उलट करून लावल्या, मग दिरांना म्हणाला, "मालक, तुमच्या हिरीत फुटवॉल असतो न्हवं?"

"असतो की. त्याच्याशिवाय पंप पाणी धरंल व्हय?" दीर लगेच बोलले. हे त्यांचं क्षेत्र. फुटवॉल म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाची झडप. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. ती गळकी झाली की सकाळी पाइप रिकामा.

"ह्यो डायोड म्हंजे तोच फुटवॉल. वीज बॅटरीकडं जाऊ देतो, माघारी येऊ देत न्हाई. तुमचा एक गेला. म्हून गाडी उभी असली की बॅटरीतली वीज रातभर माघारी गळती."

दिरांनी तबकडी हातात घेतली, उलटसुलट केली. "फुटवॉल जुना झाला का दगड लागून फुटला?"

कारागीर तार गुंडाळत म्हणाला, "झटका बसला. इंजिन चालू असताना बॅटरी काढली की ह्याची वीज एकदम जाग्यावर अडती. पाणी जोरात असताना एकदम कॉक बंद केला तर पाइपाला कसा दणका बसतो, तसा."

शेजारी ठेवलेल्या माझ्या वहीकडे दिरांनी एकदा बघितलं. मग हसले, पण मिशीतल्या मिशीत.

"म्हंजे फुटवॉल मीच फोडला म्हना."

"डायनामो असता तर काय झालं नसतं, मालक. तुमच्या जुन्या ट्रॅक्टरवर डायनामोच हाय, तिथं ते चालून जायचं. आपन ह्याला बी डायनामोच म्हनतो, तिथं घोळ झाला."

"पर ती गाडी बंद कशी न्हाई पडली मंग?"

"त्या येळंला कार्बन टेकला व्हता. त्यानं तुमाला फसवलं."

गाडी तिथेच ठेवून घरी परत जाताना दीर ट्रॅक्टर चालवत होते, मी त्यांच्या शेजारी चाकावरच्या सीटवर. वाटेत ते म्हणाले, "वहिनी, वहीत खोडू नका. लिहिलेलं राहू द्या. खाली बराबर काय ते लिवा." मी तसं केलं.

सुटे भाग हिंगोलीहून एका जीपवाल्याच्या हाती आले. शनिवारी दुपारी नवे कार्बन आणि नवी तबकडी घालून तोच अल्टरनेटर पुन्हा बसवला. बॅटरी बाहेर काढून चार्ज करून घेतली होती, तीच परत ठेवली, तिचा काही गुन्हा नव्हता. कारागिराने मीटर माझ्या हातात दिला. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू केल्यावर चौदाच्या थोडं वर. दिवे आणि फॅन लावले तरी आकडा खाली उतरला नाही. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच गेला. तो तसाच वागायला हवा. मी मीटरचा फोटो काढून तुमच्या वडिलांना पाठवला आणि खाली सगळं कारण लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे." पण तोवर त्या ओळखीतल्या माणसाला सांगून झालेलं होतं, तो रविवारी आलाच.

मी ओसरीवरून उतरेपर्यंत दीर फाटकात पोचले होते. तो म्हणाला, "बंद गाडी आहे ना? बघायला आलो."

"बंद व्हती," दीर म्हणाले. "काहून बंद व्हती ते घावलं. आता न्हाई इकायची. चहा घेऊन जा."

आणि त्याला चहा देताना त्यांनी कार्बन, डायोड, फुटवॉल सगळं समजावून सांगितलं. चूक कोणाची होती तेही सांगितलं, पहिल्याच वाक्यात.

आता थोरल्या, तुझ्यासाठी. आधी बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लाव. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास नसेल तर बॅटरीला दोष देऊ नकोस. पट्टा बघ. भेगा गेल्या असतील, चिमणीसारखा चिवचिवत असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर जास्त खाली जात असेल तर तोच कारण असू शकतो, आणि हे इंजिन बंद असतानाच बघायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून पूस. गाडी धुताना अल्टरनेटरवर पाण्याचा फवारा मारू नकोस. मी आता मळणी झाली की पंक्चरच्या दुकानात जाऊन त्याच्या फटींतून हवा मारून घेते, आणि मळणी चालू असते तोवर गाडी दिरांच्या दारात असते. आणि तिकडचा कोणी जाणता माणूस चालू गाडीत तार काढायला निघाला तर त्याला हा कागद दाखव.

धाकटे, तुझा प्रश्न बरोबर होता. विचारत राहा, "का" म्हणून विचार नाहीतर "काहून" म्हणून. मी आता कोणाचं सुधारत नाही.

गाडी आहे. अल्टरनेटर तोच आहे. झिजलेले दोन कार्बन माझ्या टेबलावर काड्यापेटीत आहेत. ताईचं पुस्तक अजून मध्यावरच आहे आणि परवा गुरुवार आहे.